दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी राखलेले हाड

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेकडे निघालेली लोकल सुमारे ४५ किलोमीटरवर गुम्मिडिपूंडीला पोहोचते आणि बऱ्याच गाड्यांचा प्रवास तिथेच संपतो. आंध्रची हद्द तिथून फार लांब नाही. स्टेशनापलीकडे सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या, सळयांच्या रोलिंग मिल, ओतकामाचे कारखाने. कामगार तमिळ आहेत, तसेच ओडिशा, बिहार आणि बंगालमधून आलेलेही आहेत. जालन्याची एमआयडीसी पाहिलेल्या माणसाला इथे काहीच परके वाटणार नाही.

याच चेन्नईत २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतून चाळिशी-पन्नाशीतली माणसे विमानाने येत होती, खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी. त्यांना हवी होती ती ‘बर्मिंगहॅम हिप रिसर्फेसिंग’. इंग्लंडमध्ये हा सांधा १९९७ पासून बसवला जात होता, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली ती मे २००६ मध्ये. तोवर तिकडच्या रुग्णाला तो हवा असेल तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. डॉ. विजय बोस यांनी ही शस्त्रक्रिया चेन्नईत रुजवली होती, म्हणून ती माणसे इथे येत. त्यांना पुन्हा पळायचे होते, सायकल चालवायची होती, आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून टाकायला ती तयार नव्हती.

मला प्रश्न पडतो तो लोकलच्या दुसऱ्या टोकाला. भट्टीवर काम करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या कामगाराचा खुबा गेला, तर त्याचे हाड राखण्याची निकड त्या परदेशी पाहुण्यापेक्षा तसूभरही कमी नाही. उलट जास्तच आहे, कारण त्याचे पोट त्या सांध्यावर चालते. तरुण माणसाचे हाड राखणे हा पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा वायदा असतो आणि तो एकटा सर्जन पाळू शकत नाही. रुग्णाच्या शरीरात काय बसवले आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद ज्या देशात राहत नाही, तिथे हाड राखणाऱ्या शस्त्रक्रियेचा निम्मा अर्थ वाया जातो. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, पण ते पटण्यासाठी आधी हाडाकडे नीट पाहावे लागेल.

नेहमीच्या पूर्ण सांधेबदलात मांडीच्या हाडाची मान करवतीने कापतात. गोळा, म्हणजे रुग्ण ज्याला ‘बॉल’ म्हणतात तो, काढून टाकतात. मग हाडाची नळी आतून कोरून तिच्यात धातूचा दांडा ठोकून बसवतात आणि त्यावर नवा बॉल चढवतात. रिसर्फेसिंगमध्ये गोळा जागेवर राहतो. सर्जन गोळ्याच्या माथ्यातून मानेच्या बरोबर मधून जाईल अशी एक जाड तार आत घालतो. त्या तारेवरून नळीसारखे पोकळ कटर फिरते आणि गोळ्याचा झिजलेला बाहेरचा थर उतरतो. उरलेल्या घट्ट हाडावर धातूची गुळगुळीत टोपी सिमेंटने बसवतात, समोर कमरेच्या हाडातल्या खळग्यात धातूची वाटी. सगळी मदार त्या तारेवर. ती थोडी तिरकी गेली आणि कटरने मानेला खाच पाडली, तर पुढच्या काही महिन्यांत मान तिथेच मोडू शकते. म्हणून ही शस्त्रक्रिया अधूनमधून करणाऱ्याच्या हातची नव्हे.

एवढा खटाटोप करायचा तो नळी शाबूत राहावी म्हणून. उद्या टोपी सैल झालीच, तर मांडीच्या हाडापुरती दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ पहिल्या पूर्ण सांधेबदलासारखी सरळ होते. याउलट नळीत घट्ट बसलेला दांडा काढायचा म्हणजे कधी हाड उभे चिरावे लागते, पातळ झालेल्या भिंतींना तारा गुंडाळाव्या लागतात, लांब दांडा घालावा लागतो. जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि खर्चही. शेतकरी कितीही ओढ लागली तरी पेरणीचे बी खात नाही. तरुण माणसाच्या मांडीतले हाड मला तसे वाटते.

दुसरी वेळ खरोखर येते का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के निघाली. पन्नाशीच्या सुरुवातीला खुबा बदललेल्या पुरुषांत तीच शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासाचा अंदाज असा की २५ वर्षांनी १०० पैकी ५८ सांधे टिकून असतात. ही माहिती आजीसाठी दिलासा देणारी आहे. बत्तीस वर्षांच्या नातवाला मात्र सत्तावन्नाव्या वर्षी आपण त्या ५८ मध्ये असू की उरलेल्या ४२ मध्ये, याचा विचार आजच करावा लागतो.

हाड राखण्याची कल्पना नवी नाही आणि तिचा इतिहास फारसा सुखाचा नाही. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी घातली. ती फुटत असे, म्हणून १९३८ मध्ये कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची टोपी आली. आजच्या पूर्ण सांधेबदलाचे जनक जॉन चार्नली यांनीही १९५० च्या दशकात आधी टेफ्लॉनची टोपी आणि वाटी करून पाहिली. ती झिजून गेली. १९६२ मध्ये रायटिंग्टन इथे त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि दांड्यावरचा छोटा गोळा वापरायला सुरुवात केली, आणि जगाने तो मार्ग धरला. १९७० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या अनेक सर्जनांनी पुन्हा टोपीकडे मोर्चा वळवला. मोठी धातूची टोपी आणि तिच्यासमोर प्लास्टिकची पातळ वाटी, अशी ती जोडी होती. प्लास्टिक भराभर झिजले, त्याचे बारीक कण सांध्यात पसरले आणि त्या कणांमुळे भोवतालचे हाड विरघळू लागले. जे हाड वाचवायला निघाले होते तेच गेले. या प्रकरणावर मी मुद्दाम थांबतो, कारण ‘हाड राखणारी’ हे विशेषण शस्त्रक्रियेच्या दिवशी सिद्ध होत नाही. ते दहा-पंधरा वर्षांनी ठरते.

बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी १९९१ मध्ये प्लास्टिक बाजूला ठेवले आणि धातूसमोर धातू आणला. पुढे रोनन ट्रीसी यांच्यासह १९९७ मध्ये त्यांनी जो सांधा आणला तो जास्त कार्बन असलेल्या कोबाल्ट-क्रोमचा, ओतीव अवस्थेतच ठेवलेला. ओतल्यानंतर धातू पुन्हा तापवला की आतल्या कार्बाइडची रचना बदलते आणि झीज वाढू शकते, असे त्यांचे म्हणणे. इतर कंपन्यांना ते मान्य नव्हते. गुम्मिडिपूंडीच्या ओतशाळेतल्या फोरमनला मात्र हा वाद चटकन समजेल.

बर्मिंगहॅमचे निकाल चांगले दिसताच इतर कंपन्या मैदानात उतरल्या. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा सांधा २००३ मध्ये आला. त्याचा एक प्रकार टोपीचा होता, दुसरा दांड्यावर मोठा धातूचा बॉल बसवण्याचा. वाटी दोन्हींना तीच, नेहमीपेक्षा उथळ. उथळ वाटी जराशी उभी बसली तरी बॉलचा भार तिच्या काठावर येतो. काठ घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटतात, सांध्याभोवतीचे स्नायू काळवंडतात, गाठी होतात, रक्तात धातू वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधे-नोंदवहीत या सांध्याचे पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके जास्त दिसले. डिसेंबर २००९ मध्ये तो त्या देशातून मागे घेतला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो बसलेला होता.

भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पोलिसांकडे धाव घेतली, हे आपल्या राज्याने अभिमानाने लक्षात ठेवावे असे काम आहे. केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये. जगभरातून सांधा परत घेतल्याला तेव्हा जवळपास सात वर्षे झाली होती. समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यातून बाहेर आलेली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. पुढे भरपाईचे सूत्र ठरले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत. पण जो सापडत नाही त्याला भरपाई तरी कशी देणार? आणि भरपाईपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, ‘रक्त तपासून घ्या, दुखत नसले तरी या’ हे त्याला कोण सांगणार? त्यांतले कितीतरी जण आजही लंगडत असतील आणि वयाला दोष देत असतील.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. अनेक अनुभवी सर्जन म्हणतात, आता हाड राखण्याचा एवढा आग्रह कशाला? गेल्या पंचवीस वर्षांत पॉलिथिलीन बदलले आहे. किरणोत्साराने घट्ट केलेले नवे प्लास्टिक पूर्वीच्या तुलनेत फारच कमी झिजते. सिरॅमिकचे बॉल आले. दांडा सिमेंटशिवाय हाडाशी एकजीव होतो. मग धातूचे आयन रक्तात सोडणारा सांधा तरुणाला का बसवायचा? शिवाय वाटीच्या बाजूला रिसर्फेसिंगमध्ये हाड वाचत नाही, कधी थोडे जास्तच जाते.

यातले बरेचसे मला मान्य आहे. जून २०१५ मध्ये बर्मिंगहॅम सांध्याच्या उत्पादक कंपनीनेच ४६ मिलिमीटर आणि त्याहून लहान मापे बाजारातून काढली आणि स्त्रियांना हा सांधा बसवू नये असे सांगितले, कारण लहान मापांचे निकाल वाईट होते. आपल्याकडच्या पुरुषांचाही खुब्याचा गोळा सरासरीने युरोपीय पुरुषांपेक्षा लहान भरतो. ल्युपससाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेऊन खुबा गमावलेल्या तिशीतल्या स्त्रीला धातूची टोपी सुचवणे चूक ठरेल. मूत्रपिंड कमजोर असलेल्यालाही. तिथे हाड राखायचे असेल तर आखूड दांडा आहे, मान थोडी वर कापण्याचा पर्याय आहे, आणि सिरॅमिकच्या टोप्यांचे प्रयोग सुरू आहेत. त्या टोप्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब अजून कुणाकडे नाही. माझे मत असे की धातूची टोपी ही मोठ्या हाडाच्या, चांगल्या हाडाच्या, साठीच्या आतल्या पुरुषासाठी आहे, आणि तीही नेहमी हेच काम करणाऱ्या सर्जनकडून. टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये रिसर्फेसिंग करून घेतले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली. ते कौतुकाचे आहे, पण ते उदाहरण दाखवून कुणा रुग्णाचे मन वळवू नये.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांचे एक गृहीतक मला खटकते. नव्या प्लास्टिकचे उत्तम आकडे ज्या देशांतून येतात तिथला रुग्ण बहुधा साठीचा असतो, खुर्चीवर बसतो, ठरलेल्या तारखेला तपासणीला जातो. आपला तरुण रुग्ण पंगतीला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, डोक्यावर ओझे घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. मोठा बॉल सांध्यातून निखळण्याची भीती कमी, म्हणून त्याला टोपीचा किंवा मोठ्या बॉलचा खरा उपयोग आहे. त्याच्यासारख्यांचे निकाल आपण मोजलेलेच नसतील तर परदेशी आकड्यांवर विसंबून दोन्ही बाजूंनी ठासून बोलणे बरे नव्हे.

आणि मुळात आपल्याकडे तरुणाचा खुबा जातो तो वेगळ्या वाटेने. पाश्चात्त्य देशांत बहुतेक खुबे झिजेने जातात. इथे तरुणांत सर्रास दिसते ते ‘एव्हीएन’, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून आतले हाड मरणे. स्टेरॉइड, दारू, मार लागणे, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल. काही वेळा कारण सापडतच नाही. शिवाय अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, लहानपणीचा क्षय आहे. जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेले तिघेही चाळिशीच्या आतले होते.

मेलेल्या हाडावर टोपी बसत नाही. गोळ्याचा मोठा भाग खचला असेल तर टोपीला आधार कुठून मिळणार? डॉ. बोस यांनी एव्हीएनमधल्या रिसर्फेसिंगचे निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध केले होते. काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत ती करता येते, पण ‘निवडलेल्या’ या शब्दात किती रुग्ण बाहेर पडतात ते विसरू नये. म्हणून हाड राखण्याची पहिली संधी ऑपरेशन थिएटरच्या बरीच आधी येते. सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये एक्स-रे साफ असतो, एमआरआयमध्ये मात्र दिसते. त्या टप्प्यावर गोळ्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो. डॉ. अगरवाला आठवड्याला ७० मिलिग्रॅमच्या अलेंड्रोनेट गोळीचा आग्रह अनेक वर्षे धरत आले आहेत. त्या औषधाबद्दल जगात एकमत नाही, पण गोळा खचण्याआधी रोग ओळखावा याबद्दल कुणाचेच दुमत नाही.

आणि तो ओळखला जात नाही. खुब्याचे दुखणे जांघेत येते, मांडीतून गुडघ्यात उतरते. कामगार गुडघा दुखतो म्हणून सांगतो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ असतो. मग कमरेची नस दबली असे ठरते. वेदनाशामक, मालिश, कुठे तरी ‘गावठी’ म्हणून विकली जाणारी पुडी, जिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. खरे तर तपासणीला दोन मिनिटे पुरतात. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवायचा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेत मांडी आत वळवायची. ती वळत नसेल, जांघेत कळ येत असेल, तर गुडघ्याचे सोडा आणि खुब्याचा एमआरआय करा. कारखान्याच्या दवाखान्यात, ईएसआयच्या दालनात, सिकलसेलच्या शिबिरात एवढी एक चाचणी नियमाने झाली तर कित्येक गोळे खचण्याआधी हाती लागतील.

आता नोंदीकडे येतो. स्वीडनने खुब्याची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने २००३ मध्ये. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याची इच्छा तो भरतो. ज्याचे निकाल वाईट, तो भरेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. ते स्वागतार्ह होतेच. पण किंमत हा एका दिवसाचा प्रश्न असतो, सांधा तीस वर्षे शरीरात राहतो.

सक्ती कशी करायची, असे विचारले जाते. वाट सोपी आहे. सरकारी योजना आणि विमा कंपन्या यांनी सांध्याचा बॅच क्रमांक आणि रुग्णाचा ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत चढल्याशिवाय रुग्णालयाचे बिल मंजूर करू नये. नोंदवही राष्ट्रीयच हवी. गुम्मिडिपूंडीत काम करणारा माणूस चेन्नईत शस्त्रक्रिया करून घेतो आणि काम सुटले की ओडिशातल्या गंजम जिल्ह्यातल्या गावी परततो. पुण्यात ऑपरेशन झालेला बीडचा ऊसतोड कामगार पुढच्या हंगामात कर्नाटकात असतो. रुग्णालयाच्या तळघरातली फाइल त्यांच्या मागे जात नाही. एएसआरचे हरवलेले रुग्ण असेच हरवले. महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही सांधेबदलाचा मोठा अनुभव असलेली राज्ये आहेत. केंद्र हलेपर्यंत त्यांनी एकत्र सुरुवात करायला काय हरकत आहे?

कायदा होईपर्यंत एक काम वाचकाच्या हातात आहे. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या वेष्टनात चिकटपट्टीची लेबले असतात. त्यांवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. एक लेबल केसपेपरवर लागते. घरात कुणाचा खुबा बदलला गेला असेल, तर त्या लेबलाची प्रत रुग्णालयातून मागून घ्या, ती तुमचा हक्क आहे. तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. सांधा धातूवर धातूचा असेल तर दुखत नसले तरी दरवर्षी सर्जनला दाखवा आणि रक्तातले कोबाल्ट आणि क्रोमियम तपासण्याबद्दल विचारा. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी सांगितली होती. त्याच्या वर आकडा गेला तर पुढच्या वर्षाची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात जा.